मसाला तोच, मग गिऱ्हाईक का बिचकलं?

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील, त्या सांभाळून घ्या. पण ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे ती शुद्धलेखनाची नाही, धंद्याची आहे. आणि ती माझीच आहे!

भिंगारला माझी मावशी घरी काळा मसाला करते. आधी गल्लीत विकायची, आता व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईपर्यंत पाठवते. पाकिटावर पिवळ्या कागदाचं लेबल आणि त्यावर तिच्याच अक्षरात 'मावशीचा काळा मसाला'. त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि चिकटवायच्या, बस्स! सेकंड इयरला गेल्यावर मला ते फार गावठी वाटायला लागलं. होस्टेलवर बसून मी मरून रंगाचं, इंग्रजी नावाचं लेबल बनवलं. दिवाळीला ते बदलून सोनेरी केलं. अकाउंटचं नाव आणि फोटोही बदलला.

मग मावशीला फोन यायला लागले, "हा डुप्लिकेट तर नाही ना?" कॅश ऑन डिलिव्हरीची काही पार्सलं दारातूनच परत आली, कारण पाठवणाऱ्याचं नाव घरात कुणी ओळखलंच नाही. जाण्या-येण्याचा खर्च मावशीच्या पदरचा. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "अगं, मसाला तोच आहे ना? मग माणसं का बिचकतात?" या एका प्रश्नासाठी मी वाचायला बसले.

दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेतं, वास घेतं, दुकानदाराचा चेहरा बघतं. ऑनलाइन यातलं काहीच नाही. मोबाइलवर नखाएवढं चित्र आणि एक नाव, एवढंच! वासाचं आणि चेहऱ्याचं काम त्यांनाच करावं लागतं. तेच नाव, तोच रंग, तेच अक्षर पुन्हा पुन्हा दिसलं आणि दर वेळी माल चांगला निघाला, की ओळख डोळ्यांत बसते. यालाच ब्रँड आयडेंटिटी म्हणायचं. लोगो हा तिचा फक्त एक भाग. मी मात्र बसलेली ओळखच पुसून टाकली.

आपल्याकडची दोन उदाहरणं बघा. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अँटीव्हायरस बनवला, त्याचं नाव क्विक हील. कंपनीचं नाव मात्र कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. लोकांना ठाऊक झालं होतं ते प्रॉडक्टचं नाव. म्हणून २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. त्यांनीही नाव बदललं, पण गिऱ्हाइकाच्या ओळखीच्या दिशेने. मी उलट्या दिशेने गेले!

दुसरं उदाहरण कोल्हापुरी चपलेचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशीच चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं नव्हतं, तरी आपल्या लोकांनी फोटो बघताच ओळखली. ओरड झाल्यावर कंपनीने ती भारतीय कारागिरीवरून सुचल्याचं मान्य केलं. नाव न वाचता वस्तू ओळखू येणं, याहून मोठी ओळख कोणती? पण ती पिढ्यान् पिढ्या तोच घाट राखल्यामुळे मिळाली. २०१९ मध्ये या चपलेला महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय नोंदणीही मिळाली आहे.

होस्टेलवरून टी-शर्ट, केक, प्रोजेक्ट किट विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं :

१) नाव बोलायला सोपं हवं. फोनवर एकदा ऐकून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे.

२) सगळ्या ॲपवर, पार्सलवर आणि बिलावर एकच नाव आणि एकच फोटो ठेवा.

३) एक मुख्य रंग, एकच अक्षर. लोगो टपाल तिकिटाएवढा करून, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून बघा. ओळखू आला तर पास.

४) ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. आधी शोधा, मग छापा. मसाल्यांचा वर्ग ३० आहे. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी पडते आणि नोंदणी १० वर्षं टिकते. 'काळा मसाला' हे मालाचंच नाव, त्यावर कुणा एकाचा हक्क नसतो. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच लावायचा.

५) बदल करायचाच तर थोडा करा आणि गिऱ्हाइकाला आधी सांगा.

पाचवा धडा भिंगारमध्येच मिळाला. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. लेबलवरचा पत्ता बदलणं भागच होतं. या वेळी आम्ही 'अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)' असं छापलं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना तसा मेसेज पाठवला. बाकी लेबल जसंच्या तसं. एकही फोन आला नाही!

हो, पिवळं लेबल परत आलंय. मावशीचं अक्षर स्कॅन करून स्वच्छ केलं, एवढंच माझं इंजिनिअरिंग. त्या अक्षरासकट ट्रेडमार्कचा अर्ज करायचाय, त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतोय. परत आलेल्या पार्सलांचा खर्चही मी पॉकेटमनीतून फेडतेय. मावशी नको म्हणते, पण शिकवणीची फी द्यायलाच हवी ना?