पहिलटकरीण आणि सव्वा महिना

आमच्या यावलकडे पहिलटकरणीला सव्वा महिना वेगळे ठेवतात. त्यामागची विटाळाची कल्पना चूक, विश्रांती मात्र योग्य आहे. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर संबंधाची घाई नको. नंतरही तिची इच्छा असेल तरच. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव वा दुखणे असल्यास लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा समज अधिक घातक आहे : 'अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत.' बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस केवळ आईच्या दुधावर आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही अटी पाळल्या तरच ते बहुतांशी खरे. एक जरी मोडली, तरी पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो. पुढच्या गर्भापूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर हवे. तांबी, निरोध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी त्यासाठी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला, विचार मात्र टिकला. तो घरात आणणे आपल्या हाती आहे. म्हणून हा लेख सुनेआधी सासूने आणि नवऱ्याने वाचावा, ही आमची विनंती.