पेरॉक्साइडच्या कॅनवरचा आकडा वाचायला शिका

भिवंडी, मालेगावकडे सुती कापड पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. दिसायला ते पाण्यासारखे, म्हणून त्याची भीती वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हती. एकदा आमच्याकडे नेहमीच्या ३५ टक्क्यांऐवजी ५० टक्क्यांचा माल आला. कॅनवर लेबल नव्हते आणि आम्ही विचारले नाही. कारागिराने जुन्याच मापाने, उघड्या हातांनी माल ओतला. त्याची बोटे पांढरी पडून आग आग झाली आणि कापड कमजोर निघाले. चूक पुरवठादाराची होती, तशी आमचीही होती.

टक्के म्हणजे १०० किलो मालात शुद्ध पेरॉक्साइड किती किलो, ते. ३५ टक्क्यांच्या १० किलोत ते साडेतीन किलो असते. ५० टक्क्यांच्या मालात तेवढे ७ किलोतच मिळते. म्हणजे जिथे १० किलो लागत होते, तिथे ७ किलो पुरेत. भावही असाच पाहावा. समजा, ३५ टक्क्यांचा भाव किलोला ३५ रुपये असेल, तर ५० टक्क्यांचा ५० रुपये भाव महाग नव्हे, बरोबरीचा आहे. माल लिटरने नव्हे, किलोने मोजावा. ५० टक्क्यांचा एक लिटर सुमारे १२०० ग्रॅम भरतो.

काही कॅनवर ‘व्हॉल्यूम’ लिहितात. एक लिटर मालातून किती लिटर ऑक्सिजन सुटतो, तो हा आकडा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६ आणि १३० म्हणजे ३५ टक्के. याला टक्के समजू नये.

लेबलवर नाव, टक्केवारी, बॅच, तारीख आणि वर्तुळावर ज्वाळा असे चित्र पाहावे. चित्राचा अर्थ असा की माल स्वतः जळत नाही, पण दुसऱ्या वस्तूची आग भडकवतो.

कारखान्यात एवढे पाळावे :

१) कॅनचे झाकण हवा जाणारे असते. त्याचे छिद्र बुजवू नये. वायू साचून कॅन फुटतो.

२) लोखंड, तांबे व गंज यांपासून माल दूर ठेवावा. कापडावर गंजाचा डाग असेल तर ब्लीचिंगमध्ये तिथेच भोक पडते.

३) उरलेला माल कॅनमध्ये परत ओतू नये.

४) ऊन, कॉस्टिक, गोणपाट व भुसा यांजवळ कॅन ठेवू नये. सांडल्यास चिंधीने पुसू नये, चिंधी पेट घेऊ शकते. भरपूर पाण्याने धुवावे.

५) रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे जावे.

६) पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तो कधीही भरू नये.

शेवटी, किरकोळ माल देणाऱ्या भावांना एक विनंती. लहान कॅनवर टक्केवारीची चिठ्ठी जरूर चिकटवा. माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये ताकीद आहे. ५० सांगून ४० देणे हेही त्यातलेच, असे आम्ही समजतो. खरा आकडा लिहिला तर गिऱ्हाइकाचा हात वाचतो आणि आपली रोजी हलाल राहते.