अकरा मीटरची दोरी

पालकहो, नोकरीत असताना शाळेचं आर.एस.पी. (रोड सेफ्टी पेट्रोल) पथक बरीच वर्षं माझ्याकडे होतं. शिट्टी वाजवून, हात आडवा धरून मुलं फाटकासमोरची रहदारी थांबवायची. एकदा शाळा सुटल्यावर पथकातलाच सातवीतला मुलगा बाबांच्या मागे मोटारसायकलवर बसला आणि गाडी राँग साइडने निघाली. जाताना त्याची-माझी नजरानजर झाली. त्याने मान खाली घातली. बाबांची घाई मला कळत होती, पुढचं वळण बरंच लांब होतं. पण त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलांना रस्ता शिकवायचा तो आईबाबांसकट, आणि ती रोज जातात त्याच रस्त्यावर, हे मला त्या दिवशी पटलं. निवृत्तीनंतर मी, सोसायटीचं महिला मंडळ आणि शेजारच्या गणेश मंडळातली तरुण पोरं यांनी मिळून हे काम हाती घेतलं. महिन्यातला एक रविवार, सकाळी सात ते आठ.

आमच्याकडे साधनं म्हणजे खडू, शिट्टी आणि अकरा मीटरची दोरी. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. समोर चेंडू आला, त्यामागे मूल आलं, हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तो एक सेकंद जातो. आम्ही रस्त्यावर दोरी अंथरतो, एका टोकाला मूल उभं करतो आणि दुसऱ्या टोकापासून त्याच्या आईला चालत यायला सांगतो. चालून झालं की सांगतो, एवढं अंतर गाडी ब्रेक न लागताच आली. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी जवळजवळ तेवढंच अंतर लागतं. आया गप्प होतात. मागच्या वेळी एकीने काही न बोलता लेकीचा हात घट्ट धरला.

एक विसरू नका. आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. म्हणून 'नीट बघून जा' एवढं सांगून भागत नाही. शाळेच्या व्हॅनमधून उतरल्यावर तिच्या पुढून वा मागून धावायचं नाही, व्हॅन निघून जाऊ द्यायची, हे हात धरून पुन्हापुन्हा करून घ्यावं लागतं.

दुचाकीवर हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठीही हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग चाळीसच्या आत. स्कूटरवर पायांशी उभं केलेलं पिल्लू दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता थोरल्या मुलांविषयी. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या घरची स्कूटर बहुधा त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायद्याची भीती घालायला मी हे सांगत नाही. सकाळी सहाचा क्लास, बस वेळेवर नाही, तुम्हाला ड्यूटी. किल्ली मुलाच्या हाती जाते ती लाडापेक्षा नाइलाजाने, हे मी घराघरांत पाहिलंय. म्हणून आमच्या चार कुटुंबांनी वार वाटून घेतले आहेत. सोमवार एका बाबांचा, मंगळवार दुसऱ्या घरच्या काकूंचा. मुलं चारचाकीतून एकत्र जातात, किल्ली घरातच राहते.

येत्या रविवारी सातला फाटकापाशी या. मुलांना नुसतं पाठवू नका, तुम्हीही या. स्कूटर आणलीत तर तुमचं आणि मुलाचं, दोन्ही हेल्मेट डोक्यावर असू द्या, बक्कल लावून.