‘एस्चीट’ आणि ‘खालसा’ : झाशीच्या संदर्भात एका क्रियापदाचा विचार

इंग्रजी विधिभाषेतील ‘एस्चीट’ हे क्रियापद आज सामान्य व्यवहारातून जवळजवळ लुप्त झाले आहे. तथापि एकोणिसाव्या शतकातील भारतीय संस्थानांचा इतिहास ज्या परिभाषेत लिहिला गेला, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. झाशीच्या प्रकरणाचा मराठीतून विचार करताना या क्रियापदाचा अर्थ नीट ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

‘एस्चीट’ हा शब्द प्राचीन फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘पडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील सरंजामी व्यवस्थेत जमीन धारण करणारा निर्वारस मृत्यू पावला, अथवा घोर अपराधामुळे त्याचा वारसाहक्क नष्ट झाला, की जमीन ज्याने दिली त्या स्वामीकडे परत जाई. म्हणजेच ती त्याच्याकडे ‘पडे’. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, त्यात जमीन हीच कर्ता असते आणि घेणारा केवळ स्वीकारणारा ठरतो. व्यवहार मात्र इतका निरुपद्रवी नव्हता. अशा जमिनींची चौकशी करणाऱ्या राजाधिकाऱ्यांची लबाडी इतकी कुप्रसिद्ध झाली की, ‘फसविणे’ या अर्थाचा ‘चीट’ हा इंग्रजी शब्द याच शब्दाच्या संक्षेपातून निर्माण झाला.

डलहौसीच्या धोरणास ज्या ‘लॅप्स’ शब्दाने ओळखले जाते, त्याचाही मूलार्थ ‘घसरणे, गळून पडणे’ असाच आहे. भारतीय संविधानाच्या २९६व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आढळतात, यावरून त्यांचे नाते स्पष्ट व्हावे.

मराठीतील ‘खालसा’ची प्रकृती निराळी आहे. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ‘खलास’ हा शब्दही त्याच धातूचा. मोगल राज्यव्यवस्थेत ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जमा होई, तो खालसा मुलूख. पुढे मराठीत ‘खालसा करणे’ हे संयुक्त क्रियापद रूढ झाले. इंग्रजी वाक्यात संस्थान आपोआप ‘पडते’. मराठी वाक्यात ते कोणीतरी ‘करतो’. ‘डलहौसीने झाशी खालसा केली’ या वाक्यात कर्ता तृतीया विभक्तीत स्पष्टपणे उभा असतो. कर्त्याविना ‘खालसा झाली’ असे म्हणता येते हे खरे. पण तेथेही कोणी केली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी आप्तकुळातील आनंदराव या बालकास विधिपूर्वक दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. १८१७ मध्ये कंपनीने रामचंद्ररावांशी केलेल्या तहात राज्याचा वंशपरंपरागत हक्क मान्य झाला होता. धर्मशास्त्रानुसार विधिवत दत्तक घेतलेला पुत्र हा वारसच असल्याने राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहता येथे निर्वारसता नव्हतीच. उलट, पेशव्यांचे बुंदेलखंडावरील हक्क १८१७ मध्येच कंपनीकडे आले असल्याने झाशी हे दुय्यम दर्जाचे संस्थान असून, दत्तकास खासगी संपत्ती मिळाली तरी सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून गादी मिळणार नाही, अशी डलहौसीची भूमिका होती. १८५४ च्या प्रारंभी संस्थान कंपनीच्या राज्यात विलीन करण्यात आले. ‘पडणे’ या क्रियापदात दोन गृहीतके दडलेली होती : वारस नाही आणि दाता आपणच आहोत. वाद नेमका या दोन्हींविषयी होता. क्रियापदाने मात्र निर्णय आधीच देऊन टाकला.

भारतीय परंपरेत अशा प्रसंगाला शब्द नव्हता असे नाही. निर्वारस धन ‘राजगामी’ होई, म्हणजे राजाकडे जाई. या शब्दाची कर्त्याविना रचना ‘एस्चीट’शी जुळणारी आहे. परंतु कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा निपुत्रिक सागरी व्यापारी नौका बुडून मरण पावतो आणि त्याचे धन राजगामी असल्याचे अमात्य कळवितो, तेव्हा दुष्यंत त्याच्या भार्यांपैकी कोणी गर्भवती आहे काय याची चौकशी करवितो आणि गर्भस्थ बालकास पितृधनाचा अधिकारी ठरवितो. तेथे राजा अजून न जन्मलेल्या वारसाचा शोध घेतो. झाशीत समोर असलेला वारस नाकारला गेला.

कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या त्या १८६२ मध्ये. तोवर राणीस ग्वाल्हेरच्या रणभूमीवर वीरमरण येऊन जवळजवळ चार वर्षे लोटली होती.

यावरून अनुवादकास एक विवेक प्राप्त होतो. कंपनीच्या कागदपत्रांचे भाषांतर करताना ‘व्यपगत होणे’ अथवा ‘सरकारजमा होणे’ असे अकर्मक रूप योजणे उचित होय. कारण त्या लेखकाने आपले कर्तृत्व कसे झाकले, हे वाचकास दिसले पाहिजे. इतिहासकथन करताना मात्र ‘खालसा करणे’ हेच क्रियापद यथार्थ ठरते. दोहोंची सरमिसळ झाल्यास एका पक्षाचा दावा इतिहासाचे निवेदन म्हणून स्वीकारला जाण्याचा धोका संभवतो.