झाकणावरचा कॅमेरा आणि बेडवरचं शून्य

लेझर मशीनच्या झाकणाला कॅमेरा लागला की दुकानातली मोजपट्टी खणात जाते. विकणारेही हेच शिकवतात: वस्तू ठेवा, फोटो घ्या, स्क्रीनवर नाव तिच्यावर सरकवा, स्टार्ट दाबा. आमचं काम नेमप्लेट आणि ट्रॉफीचं. 600 बाय 400 मिमी बेडचं सीओटू मशीन घेतलं, तेव्हा डेमोत बेडच्या मधोमध पुठ्ठा ठेवून त्यावर गणपती कोरून दाखवला होता. रेष न् रेष जागेवर. पुढे 3 मिमी एमडीएफ आणि ॲक्रिलिकवर आम्ही त्याच पद्धतीने काम करत राहिलो आणि काही बिघडलं नाही.

मग एक काका सागवानी पाट्या घेऊन आले. गावाकडचं घर उतरवताना निघालेल्या तुळईतून कापून घेतलेल्या, 25 मिमी जाडीच्या. बाजारात दुसरी मिळणार नाही असा माल. तीन पाट्या बेडवर शेजारी-शेजारी मांडल्या, फोटो घेतला, नावं बसवली, मग फोकस करून मशीन सुरू केलं. मधल्या पाटीवर नाव बरोबर मध्यावर आलं. डावीकडच्या पाटीवर ते डावीकडे सरकलं, उजवीकडच्या पाटीवर उजवीकडे. काका भले माणूस. "रंधा मारून पुन्हा होतंय का बघा," एवढंच म्हणाले. रंधा मारला, झालं. पण काचेचं स्मृतिचिन्ह असतं तर रंधा कुठे मारणार?

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, कॅमेरा परत अलाइन करा. केला. पुढच्या जाड लाकडावर पुन्हा तेच. कॅमेऱ्यात बिघाड नव्हताच. गोची उंचीची होती.

कॅमेरा अलाइन करताना मशीन एका पुठ्ठ्यावर चार खुणा जाळतं, आपण त्यांचा फोटो घेतो आणि स्क्रीनवर त्या खुणांवर क्रमाने क्लिक करतो. त्यातून सॉफ्टवेअरला कळतं की फोटोतला हा ठिपका म्हणजे बेडवरची ही जागा. मात्र हे नातं त्या पुठ्ठ्याच्या पातळीपुरतंच खरं असतं. वस्तूचा पृष्ठभाग त्याहून वर असेल तर कॅमेरा तिच्याकडे तिरका पाहतो आणि ती प्रत्यक्षापेक्षा बाहेर आहे असं समजतो. कॅमेरा त्या पातळीपासून 500 मिमी वर, वस्तू कॅमेऱ्याच्या खालच्या बिंदूपासून 200 मिमी दूर आणि पृष्ठभाग 20 मिमी उंच धरा. चूक 8 मिमीच्या वर जाते. बरोबर कॅमेऱ्याखाली ती शून्य. म्हणूनच आमची मधली पाटी वाचली, आणि म्हणूनच डेमो नेहमी मधोमध पातळ पुठ्ठ्यावर होतो.

उपाय फुकटातला आहे. ज्या मशीनचा बेड वर-खाली होतो, तिथे आधी फोकस करायचा, मग फोटो घ्यायचा. फोकस केला की वस्तूचा पृष्ठभाग दर वेळी लेन्सपासून त्याच अंतरावर येतो. अलाइनमेंटही फोकस केलेल्या पुठ्ठ्यावरच झालेली असेल, तर जाडी 3 मिमी असो वा 30, फोटो खरं बोलतो. आम्ही फोटो आधी घेत होतो, फोकस नंतर. डायोडच्या छोट्या मशीनमध्ये बहुधा बेड जागचा हलत नाही, हेड वर करतात. तिथे जाड वस्तूसाठी तेवढ्याच उंचीवर पुठ्ठा ठेवून वेगळी अलाइनमेंट करावी लागते, नाहीतर वस्तूखालचा आधार कमी करून वस्तूचा वरचा भाग ठरलेल्या पातळीवर आणावा लागतो.

चूक कशी पसरते हे पाहिलं की कारण सापडतं. कडेला जाताना बाहेर वाढत गेली तर जाडी. सगळीकडे सारखी आणि एकाच दिशेला असेल तर कॅमेऱ्याला किंवा त्याच्या पट्टीला धक्का लागलाय. झाकण उघडून पुन्हा लावल्यावर दर वेळी वेगळी येत असेल तर बिजागरी तपासा. झाकण रोज त्याच कोनात थांबायला हवं. सरळ पट्टी फोटोत वाकडी दिसत असेल तर लेन्सचं कॅलिब्रेशन कच्चं आहे. ते ठिपक्यांचा किंवा चौकटींचा छापील नमुना दाखवून होतं. कागद हातात धरून नको, कडक बोर्डावर चिकटवून.

कॅमेऱ्याइतकाच घोळ ओरिजिनचा, म्हणजे शून्याचा. एक शून्य मशीनचं: चालू झाल्यावर हेड होमिंगला जातं, कोपऱ्यातल्या स्विचला टेकतं आणि तिथून मोजायला लागतं. दुसरं शून्य कामाचं, ते आपण ठरवतो. लाइटबर्न या सॉफ्टवेअरमध्ये 'स्टार्ट फ्रॉम'ला तीन पर्याय दिसतात. ॲब्सोल्यूट कोऑर्ड्समध्ये स्क्रीनवरचा बेड म्हणजे खरा बेड. करंट पोझिशनमध्ये हेड जिथे उभं आहे तिथून काम सुरू होतं. युजर ओरिजिनमध्ये पॅनेलवर ओरिजिन दाबून ठेवलेली जागा धरली जाते. शेवटच्या दोन्हींत नऊ ठिपक्यांची चौकट महत्त्वाची, कारण हेडची जागा कामाचा कोपरा धरायची की मध्य, हे ती सांगते. कॅमेऱ्याचा फोटो मशीनच्या शून्याशी बांधलेला असतो, म्हणून कॅमेरा वापरताना ॲब्सोल्यूटच. आमच्या कारागिराने एकदा सुट्या तुकड्यासाठी करंट पोझिशन लावली आणि तशीच ठेवली. पुढच्या माणसाने फोटोवर नाव अचूक बसवलं, मशीनने ते वीतभर अंतरावर कोरलं. सुदैवाने हनीकोम जाळीवर.

लिमिट स्विच नसलेली स्वस्त मशीनंही भेटतात. चालू करताना हेड जिथे असेल तेच त्यांचं शून्य. अशा मशीनवर कॅमेरा लावायचा तर दर वेळी हेड हाताने ठरल्या कोपऱ्याला टेकवूनच वीज द्यावी. सेटिंगमध्ये ओरिजिनचा कोपरा चुकीचा निवडला असेल तर अक्षरं उलटी किंवा आरशातल्यासारखी येतात. मग लोक फाइल उलटवून वेळ मारून नेतात. तसं करू नका, कोपरा बदला.

लाल ठिपक्यावरही डोळे मिटून विश्वास नको. हेडच्या बाजूला तिरका लावलेला पॉइंटर एकाच उंचीला किरणाशी जुळतो. फ्रेम, म्हणजे न कोरता कामाच्या कडेने हेडची फेरी, मात्र दर वेळी फिरवा. कडेला अगदी चिकटून कोरायचं असेल तर फ्रेम नीट फिरूनही पॅनेलवर 'नॉट इनफ एक्स्टेंड स्पेस' येऊ शकतं, कारण कोरताना हेडला वेग घ्यायला आणि थांबायला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते.

एकसारख्या पन्नास वस्तू असतील तर मी कॅमेरा बंदच ठेवतो. एमडीएफमध्ये खाचा कापून जिग करतो, तो जागचा हलवत नाही आणि ॲब्सोल्यूटवर काम चालवतो. कॅमेरा खरा उपयोगाचा वेड्यावाकड्या लाकडाच्या फळीवर किंवा उरलेल्या शीटच्या कोपऱ्यात काम बसवताना. ग्राहकाचा माल असेल तर मास्किंग टेप लावून त्यावर अगदी कमी पॉवरने आधी बाह्यरेषा काढून घ्यावी. टेपचा खर्च नगण्य.

नवं मशीन बघायला जाल तेव्हा इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा बरोबर न्या. तो बेडच्या कोपऱ्यात ठेवायला लावा, त्यावर मध्यबिंदूची खूण करा आणि कॅमेऱ्याने तिथेच ठिपका मारून मागा. ठिपका खुणेवर पडला तरच पैशांचं बोला.