वर्गणीचं पाकीट वेगळं, घरचं पाकीट वेगळं

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी येते. पिठलं-भाकरीसाठी आपण वर्गणी काढतो. पूर्वी ती डब्यात पडायची. आता "ताई, तुमच्या नंबरवर टाकते" म्हणतात आणि 51, 101 रुपये एकीच्याच मोबाईलवर जमा होतात. त्याच खात्यात तिचं दुधाचं बिल येतं, लाडक्या बहिणीचे 1500 येतात, त्यातूनच रिचार्ज अन् किराणा जातो. आठ दिवसांनी वर्गणी किती उरली, हे तिलाही सांगता येत नाही. पैसे तिने खाल्लेले नसतात. पण नाही खाल्ले हे दाखवायचं कशावरून? गावात नाव खराब व्हायला तेवढं पुरतं.

हाच प्रश्न फार मोठ्या रकमेला पडला होता, तो बघू. एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. मुंबईत सुरू झालेल्या 'पॉलिगॉन' कंपनीचे एक संस्थापक संदीप नेलवाल यांनी मदतनिधी उघडला, तोही क्रिप्टोत. क्रिप्टो म्हणजे संगणकावरचं आभासी चलन. ते मोबाईलमधल्या पाकिटात ठेवतात आणि प्रत्येक पाकिटाला स्वतःचा पत्ता असतो. मे महिन्यात 'इथेरियम'वाले विटालिक बुटेरिन यांनी 'शिबा इनू' नावाची 50 लाख कोटी नाणी दिली. त्या दिवशीच्या भावाने ती जवळजवळ 100 कोटी डॉलरची होत होती. विकायला काढेपर्यंत भाव बराच उतरला, ती गोष्ट वेगळी.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की हे दान नेलवालांच्या स्वतःच्या पाकिटात गेलं नाही. निधीचा पत्ता वेगळा होता आणि ते पाकीट एकट्याच्या मंजुरीने उघडत नव्हतं. म्हणजे आपल्या गटाच्या खात्यासारखंच, दोघींच्या सह्या झाल्याशिवाय पैसा निघत नाही. शिवाय बहुतेक क्रिप्टोचे व्यवहार कुणालाही, कधीही बघता येतात. दानाचं अन् घरचं एकत्र केलं, तर लोकांना दानाबरोबर तुमची स्वतःची पुंजीही दिसणार.

कायदाही वेगळेपणच मागतो. परदेशी दान घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीपासून ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावं लागतं आणि त्या खात्यात दुसरा पैसा टाकता येत नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे. दानाची नाणी अन् आपली नाणी एका पाकिटात असली, तर नफा कुणाचा अन् कर कुणी भरायचा?

आमचं मत विचाराल तर गटाने क्रिप्टोच्या वाटेला जाऊच नये. आज आहे तो भाव उद्या नाही. पण पुण्यात नोकरीला असलेला तुमचा मुलगा मित्रमंडळींकडून असं दान गोळा करत असेल, तर त्याला एवढं सांगा: त्यासाठी नवं पाकीट उघड, त्याचे गुप्त शब्द कागदावर लिहून ठेव, व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, आणि तुझ्याशिवाय आणखी एका विश्वासू माणसाला कागद कुठे आहे ते माहीत असू दे. उद्या काही बरंवाईट झालं तर ते दान कायमचं अडकून पडेल.

मोबाईलवरच्या वर्गणीत आणखी एक धोका आहे. पैसे पाठवणारा फसवणुकीतला निघाला आणि 1930 वर तक्रार झाली, तर बँक तुमचं खातं गोठवू शकते. मग घरखर्चाचे पैसेही अडकतात.

म्हणून वर्गणी गटाच्या खात्यावर घ्या. क्यूआर कोड मिळतो का, ते बँक सखीला विचारा; नसेल तर खाते क्रमांक अन् आयएफएससी लिहून द्या. आधी बैठकीत ठराव घ्या. गटाच्या बचतीतही वर्गणी मिसळायची नाही, कीर्दीत तिला वेगळं पान. कुणी स्वतःच्या पैशाने पीठ आणलं असेल तर पावती लावून तेवढेच पैसे परत द्या. "दोन दिवसांसाठी वापरते" असं मात्र कुणीच म्हणायचं नाही, अध्यक्षांनीसुद्धा नाही. पालखी पुढे गेली की आठवड्याच्या आत हिशेब मंदिराच्या फलकावर लावा, आणि उरलेल्या रकमेचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरवा.