‘नंबर सांगा’ आणि खाजगीपणाचा हक्क

आजचे युग माहितीचे युग आहे, असे आपण निबंधात लिहितो आणि व्यासपीठावरून ऐकतो. परंतु ही माहिती कोणाची, ती कोणाजवळ जमा होते आणि ती मागण्याचा अधिकार मागणाऱ्याला कोणी दिला, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मोबाईलवर नको त्या वेळी येणारे कर्जाचे फोन, जाहिरातींचे संदेश, संमती मागणाऱ्या चौकटी यांना आपण डासांसारखे किरकोळ त्रास समजतो आणि झटकून टाकतो. मला असे वाटते की हे त्रास किरकोळ नाहीत. एका मोठ्या हक्काची रोजची झीज त्यांतून होत असते. प्रस्तुत लेखात या झिजेचाच थोडा विचार करावयाचा आहे.

गेल्या सत्रात एक आठवडाभर, माझा मोबाईल क्रमांक जेथे जेथे मागितला गेला त्या जागा मी वहीत टिपून ठेवल्या. सीताबर्डीवरील कापडाचे दुकान, धरमपेठेतील औषधाचे दुकान, चष्म्याचे दुकान, एका हॉटेलातील मोफत वायफाय, स्पर्धा परीक्षेच्या एका खाजगी वर्गाचे ‘मोफत मार्गदर्शन’ आणि झेरॉक्सवाला. क्रमांक कशासाठी हवा, हे एकाही ठिकाणी आपणहून सांगितले गेले नाही. मी विचारले तेव्हा चष्मेवाल्याने ‘चष्मा तयार झाला की कळवू’ असे सरळ उत्तर दिले. त्याला कारण होते. बाकीच्यांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच : ‘सिस्टीममध्ये टाकावाच लागतो.’ त्याच आठवड्यात तर्री-पोह्याच्या गाडीवर मी चारदा खाल्ले. तेथे पैसे दिले, पोहे मिळाले, विषय संपला. माझा नंबर मागण्याची गरज त्या गाडीवाल्याला वाटली नाही.

वास्तविक दुकानदाराने नंबरासाठी हटून बसणे योग्य नाही, हे शासनानेही सांगितले आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने व्यापारी संघटनांना सूचना दिली की, ग्राहकाने मोबाईल क्रमांक दिला नाही म्हणून त्याला वस्तू वा सेवा नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायद्यान्वये अनुचित प्रथा ठरते. ही सूचना किती ग्राहकांना ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

दहा आकडी किल्ली

एक क्रमांक दिल्याने असे काय बिघडते, असा प्रश्न कोणी करील. पूर्वी दूरध्वनीचा क्रमांक म्हणजे केवळ बोलण्याचे साधन होते. तो छापील पुस्तकातही सर्वांना दिसे. आज तोच क्रमांक बँकेचे खाते, गॅसची नोंदणी, आधार, शिष्यवृत्तीचा अर्ज या सर्वांना जोडलेला असतो. परवलीचा शब्द विसरला तर नवा शब्द ठरविण्यासाठी येणारा ओटीपी याच क्रमांकावर येतो. यास्तव तो केवळ पत्ता राहिला नाही. तो अनेक कुलुपांच्या किल्लीचा अर्धा भाग झाला आहे.

उरलेला अर्धा भाग फसवणूक करणारा गोड बोलून वा भीती घालून मिळवितो. वीज तोडण्याच्या धमकीचे उदाहरण पाहा. ‘मागील बिल भरलेले नाही, आज रात्री वीज खंडित होईल, या क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोला’ असे संदेश २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रात असंख्य लोकांना आले आणि असे संदेश आपण पाठवीत नसल्याचे महावितरणला वारंवार जाहीर करावे लागले. ‘अधिकारी’ एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो. त्या अ‍ॅपमधून आपल्या फोनचा पडदा त्याला दुरून दिसू लागतो आणि मग ओटीपी सांगण्याचीही गरज उरत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना असा फोन आला तेव्हा बोलणाऱ्याने त्यांचे पूर्ण नाव आणि मोहल्ला अचूक सांगितला. त्या घाबरल्या त्या विजेला नव्हे, तर या अचूकपणाला. ‘एवढे ठाऊक आहे म्हणजे माणूस ऑफिसातलाच असणार,’ असे त्यांना वाटले. सुदैवाने त्यांचा मुलगा घरी होता. नाव, क्रमांक आणि मोहल्ला या तीन गोष्टी त्या माणसाकडे कोठून गेल्या हे शोधणे अशक्य आहे. आणि हेच तर दुखणे आहे. शंभर ठिकाणी दिलेली माहिती कोणत्या छिद्रातून गळली, हे कधीच कळत नाही.

नको असलेल्या जाहिरातींविरुद्ध नियम नाहीत असे नाही. नको असलेल्या फोनपासून मुक्तीसाठी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये अधिक कडक नियम केले. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदविता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून देण्यात आले. परंतु या व्यवस्थेत एक बारकावा आहे. एखाद्या व्यापाऱ्याला आपण स्वतः संमती दिली असेल, तर नोंदणी असूनही त्याचे संदेश येऊ शकतात. म्हणजे काउंटरवर न वाचता दिलेला होकार १९०९ वरील नकारावर मात करतो.

उंबरठ्याचा कायदा

या प्रश्नाचे मूळ घटनेत आहे, आणि त्याच्या इतिहासाशी आपल्या नागपूरचा संबंध आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, याबाबत आपल्याकडे दीर्घकाळ संदिग्धता होती. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी आणि १९६२ च्या खडकसिंग खटल्यात सहा न्यायाधीशांनी त्यास प्रतिकूल मते नोंदविली होती. खडकसिंग खटला मोठा उद्बोधक आहे. पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन पाहणी करण्यास न्यायालयाने बंदी केली, परंतु खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क मात्र बहुमताने मान्य केला नाही.

पुढे आधार योजना आली. तिचा पहिला क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद सरकारतर्फे करण्यात आला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. त्या तिघांत न्या. शरद बोबडे होते. ते नागपुरात जन्मले, नागपूर विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले आणि येथील खंडपीठासमोर त्यांनी वकिली केली. पुढे नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात ते देशाचे सरन्यायाधीश होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या पीठातही न्या. बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले.

खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, आपल्याकडे सारे कसे मोकळे, असे म्हणणाऱ्यांनी ते निकालपत्र अवश्य वाचावे. न्या. बोबडे यांनी त्यात आपल्या परंपरेचे दाखले दिले आहेत. घर कसे बांधावे हे सांगणारी गृह्यसूत्रे आतल्यांचा आडोसा जपण्याचा विचार करतात, आणि मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्यास अर्थशास्त्रात मनाई आहे. मला हा दाखला फार महत्त्वाचा वाटतो. मराठी घराला उंबरठा असतो. ओळखीचा माणूसदेखील ‘येऊ का?’ असे विचारून आत येतो. मोबाईलला उंबरठा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

संमती म्हणजे काय?

या निर्णयानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्याप्रमाणे संमती ही मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे; ती ठरावीक कामापुरती आणि त्या कामास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. जितक्या सहजपणे ती दिली तितक्याच सहजपणे ती परत घेता आली पाहिजे. कायद्यातच एक सुबोध उदाहरण आहे. दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने उपचारांबरोबर फोनमधील क्रमांकांची यादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल; कारण उपचाराला मित्रांचे क्रमांक लागत नाहीत. विजेरीच्या अ‍ॅपला आपले संभाषण ऐकण्याची परवानगी कशाला, हा प्रश्न आपणही याच न्यायाने विचारला पाहिजे.

या कायद्यावर गंभीर आक्षेपही आहेत. शासनाला दिलेल्या सवलती फार सैल आहेत आणि माहिती अधिकार कायद्यात त्याने केलेल्या बदलामुळे सार्वजनिक माहिती मिळणे कठीण होईल, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या वादाचा स्वतंत्र अभ्यास करावा, असे मी सुचवितो.

सावधगिरी कोणी बाळगावी?

‘लोकांनी सावध राहावे’ एवढे म्हणून काही संस्था मोकळ्या होतात. ते पुरेसे नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेला हल्ला याची साक्ष देतो. एटीएममधून पैसे देण्यापूर्वी बँकेच्या यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. हल्लेखोरांनी त्या यंत्रणेला बगल देऊन खोटी मंजुरी देणारी व्यवस्था मध्ये घुसविली. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांत पैसे काढले गेले. परदेशी बँकेत वळविलेली रक्कम धरून एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना शिक्षा ठोठावली. येथे खातेदाराने फोनवर कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. माहिती साठविणाऱ्याची जबाबदारी माहिती देणाऱ्याहून मोठी असते, हा याचा धडा होय.

आपल्या वाट्याची जबाबदारी मात्र आपण टाळू शकत नाही. परीक्षेच्या वा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवसांत महाविद्यालयाभोवतीच्या झेरॉक्स दुकानांतले दृश्य आठवा. आपण आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक हे सारे दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो, छापील प्रत घेतो आणि निघून जातो. मूळ चित्रे त्याच्या फोनमध्ये राहतात. काही जण तर अर्जाची नोंदणीच दुकानदाराच्या क्रमांकावर करतात आणि परवलीचा शब्द अर्जाच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवतात. दुकानदार भला असेल. पण त्याचा फोन चोरीस गेला तर?

यावर उपाय अवघड नाहीत. आधारची केवळ शेवटचे चार आकडे दाखविणारी प्रत मिळते. जेथे चालते तेथे ती द्यावी. कागद छापून झाल्यावर संदेश ‘सर्वांसाठी’ काढून टाकावा आणि दुकानदारालाही फाईल पुसण्यास नम्रपणे सांगावे. यूपीआयचा पत्ता मोबाईल क्रमांकाऐवजी वेगळ्या नावाने तयार करता येतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीही नसतो. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे म्हणणारा ठकच समजावा. संकेतस्थळाच्या पत्त्याजवळील कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की वाटेत कोणी आपले बोलणे ऐकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहारांत तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोट्याचा भार नसावा, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले होते. म्हणजे वेळेला येथे पैशाइतकेच मोल आहे.

लपविण्यासारखे काय आहे?

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. ‘माझ्याजवळ लपविण्यासारखे काहीच नाही, मग भ्यायचे कशाला?’ असे माझे काही मित्र म्हणतात. रात्री आपण दाराला कडी लावतो ती घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. घर आपले असते म्हणून. आणि फोनमध्ये केवळ आपली माहिती नसते. त्यातील क्रमांकांच्या यादीत आईचा, मैत्रिणींचा, गुरुजनांचा क्रमांक असतो. ती यादी एखाद्या अ‍ॅपला देताना आपण त्यांच्या वतीने होकार देतो, आणि त्यांना विचारलेले नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोनही बहुधा आपणच सुरू करून देतो. तेव्हा प्रत्येक चौकटीवर ‘होय’ दाबणारे बोट आपले असते.

मित्रहो, सर्वोच्च न्यायालयाने हक्क दिला, संसदेने कायदा केला. परंतु काउंटरवर उभे असताना तेथे न्यायाधीश नसतात. तेथे आपण असतो आणि समोर आपल्याच वयाचा, मालकाने सांगितले म्हणून नंबर विचारणारा एक मुलगा असतो. त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. ‘कशासाठी हवा?’ एवढाच प्रश्न शांतपणे विचारावा. कारण पटले तर क्रमांक द्यावा, न पटल्यास हसून नको म्हणावे. हा प्रश्न शंभर ग्राहकांनी विचारला तर तो मुलगा मालकाला विचारील, आणि मालकाला उत्तर शोधावे लागेल. हा प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी स्वतःला आणि आपल्या घरच्यांना लावावी, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.